बोलणाऱ्या कुत्र्याला 'नको' म्हणता येतं का?

'शो डॉग्स' हा अमेरिकन सिनेमा १८ मे २०१८ रोजी लागला आणि आठवड्याभरातच वितरकांना तो पुन्हा कापायला घ्यावा लागला. कोर्टाचा आदेश नव्हता, सेन्सॉरची नोटीस नव्हती. तिथल्या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळानं तर त्याला 'पीजी' दर्जा देऊन टाकला होता. म्हणजे आईबापांनी लक्ष ठेवून दाखवावा, एवढंच. बदल झाला तो मुलांच्या वतीनं सिनेमा बघणाऱ्या पालकांनी लिहिलं म्हणून, आणि लैंगिक शोषणाविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेनं ते उचलून धरलं म्हणून. बोलणाऱ्या कुत्र्यांच्या एका विनोदी सिनेमावर एवढी टीका अनेकांना अती वाटली. आपल्याकडेही असा विषय निघाला की नागपुरात हमखास ऐकू येतं, "काहून एवढं मनावर घेता? लहान पोट्ट्यांचा सिनेमा आहे न तो!"

मी ते मनावर घेते. त्या टीकाकारांनी धरलेला धागा बरोबर होता असं माझं मत आहे, पण तो त्यांनी अर्ध्यावर सोडला. पुढचा अर्धा भाग आपल्या शहराच्या फार जवळचा आहे.

आधी सिनेमात काय होतं ते. मॅक्स हा रॉटवायलर जातीचा पोलीस कुत्रा. चोरीला गेलेल्या पांडाच्या पिल्लाच्या शोधात तो एका माणूस अधिकाऱ्यासोबत लास व्हेगासच्या मोठ्या डॉग शोमध्ये स्पर्धक म्हणून घुसतो. अशा शोमध्ये परीक्षक कुत्र्याचे दात बघतात, सांधे चाचपतात, आणि नर असेल तर वृषणही हातानं तपासतात. मॅक्सला हे सहन होत नाही. तो चिडतो, नकार देतो. मग एक मुरलेला जुना विजेता कुत्रा त्याला शिकवतो की त्या क्षणी मन दुसरीकडे न्यायचं, आपल्या 'झेन' जागी जाऊन बसायचं, म्हणजे काही जाणवत नाही. तालीम होते. शेवटच्या फेरीत परीक्षकाचा हात येतो, मॅक्स मनानं दुसरीकडे निघून जातो, आणि ती परीक्षा पार करतो. सिनेमाच्या हिशेबानं हा त्याचा विजय.

पालकांचा आक्षेप सरळ होता. मुलांशी गैरवर्तन करणारा माणूस नेमकं हेच शिकवतो. हलायचं नाही, ओरडायचं नाही, दुसरं काहीतरी आठव, झालं की तुला छान काही मिळेल. सहा वर्षांच्या मुलाला आवडलेला नायक पडद्यावर तेच करतो आणि शाबासकी मिळवतो.

वितरकांनी सुरुवातीला जे उत्तर दिलं त्यात बचाव असा होता की जगभरच्या डॉग शोमध्ये परीक्षण असंच होतं, आम्ही ते जसंच्या तसं दाखवलं. हा बचाव नीट तपासण्यासारखा आहे, कारण वरवर तो पटतो. खऱ्या शोमध्ये हे होतंच. थंडीत आपल्याकडेही डॉग शो भरतात. तिथले कुत्रे पिल्लू असल्यापासून अशा हाताळणीला सरावलेले असतात. त्यांना त्यात लाज नसते, अपमान नसतो. पण सिनेमातल्या मॅक्सला आहे. तो बोलतो, विचार करतो, त्याला कसंतरी होतं, तो ते शब्दांत सांगतो. लेखकानं त्याला माणसाचं मन दिलं, माणसाची भाषा दिली, आणि नेमकं त्या एका प्रसंगात म्हणायचं की अहो, तो तर कुत्रा आहे! असं दोन्हीकडून चालत नाही. प्राण्याच्या तोंडी माणसाची भाषा घातली की त्याच्यासोबत जे होतं ते प्रेक्षक माणसासोबत होतंय असंच समजतो. तेवढ्यासाठीच तर त्याला बोलायला लावलेलं असतं.

हा मुद्दा आपल्याला लांबचा वाटायचं कारण नाही. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी केली होती. त्यातल्या ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराला तोंड दिल्याचं सांगितलं, आणि करणारे निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले होते. नागपूरकरांना तर स्पर्शाची व्याख्या किती महागात पडू शकते हे वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात असा निकाल दिला की कपड्यांवरून झालेला स्पर्श 'पोक्सो' कायद्यातल्या लैंगिक हल्ल्यात बसत नाही, त्वचेला त्वचा लागायला हवी. सर्वोच्च न्यायालयानं त्याच महिन्यात स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द केला. बघायचा तो हेतू, असं स्पष्ट केलं. सिव्हिल लाइन्समधल्या खंडपीठाच्या इमारतीवरून आपण रोज जातो. इथं शाळाशाळांतून 'गुड टच, बॅड टच' शिकवलं जातं. ताई येतात, चित्रं दाखवतात, पोरं एका सुरात "नाही म्हणायचं, पळायचं, घरी सांगायचं" म्हणतात. तीच पोरं सुट्टीत कूलरसमोर बसून जो सिनेमा बघतात त्यातला लाडका कुत्रा 'नाही म्हणू नकोस, गप्प राहा' हे शिकून ट्रॉफीच्या मागे लागतो. ताईंचा तास चाळीस मिनिटांचा, सिनेमा पुन्हा पुन्हा लागणारा.

पण टीका तिथंच थांबली. दोन प्रसंग कापले गेले, आणि 'मुलांना चुकीचा संदेश' हा विषय मिटला. मॅक्स नावाच्या कुत्र्याचं गुरगुरणं मात्र कुणीच विचारात घेतलं नाही. तो गुरगुरत होता म्हणजे काय करत होता? कुत्र्याजवळ 'नको' म्हणायची तीच एक भाषा आहे. कान मागे पाडणं, शरीर ताठ करणं, नजर चुकवणं, ओठ चाटणं, मग गुरगुरणं, मग दात दाखवणं. या सगळ्या पायऱ्या चावण्याच्या आधीच्या आहेत. कुत्र्यांच्या वागणुकीचे जाणकार सांगतात की कुत्र्याला गुरगुरण्याबद्दल शिक्षा करू नका, नाहीतर तो पुढच्या वेळी इशारा न देता चावेल. सिनेमात गुरगुरणं हा दोष ठरतो, तो घालवणं म्हणजे प्रगती. म्हणजे एकाच प्रसंगात मुलाचा नकारही चुकीचा ठरला आणि कुत्र्याचाही. हे दोन वेगळे विषय नाहीत. दुसऱ्याच्या शरीरावर हात ठेवायच्या आधी त्याचं म्हणणं वाचायला शिकणं, हा एकच धडा आहे.

आणि हा धडा बोलणाऱ्या कुत्र्यांचे जवळजवळ सगळेच सिनेमे उलटा शिकवतात.

आमच्या वस्तीतली गोष्ट. कूलरच्या गळणाऱ्या पाण्यानं भिंतीलगत ओल धरते, तिथं मे महिन्यात कुत्री पसरलेली असतात. एक कुत्री तिथंच व्याली होती. शेजारचा पहिलीतला मुलगा पिल्लू उचलायला वाकला. कुत्री उठली नाही, फक्त मान वळवली, वरचा ओठ आक्रसून दात दाखवले, कान डोक्याला चिकटवले. मी ओरडले, "मागे हो, मागे हो!" तर तो माझ्याकडे वळून निर्मळपणे म्हणाला, "काकू, ते हसून राहिली न!" त्याचा हात अजून पिल्लावरच होता. त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

त्याचं चुकलं असं कसं म्हणू? इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठात यावर अभ्यास झाला आहे. लहान मुलांना कुत्र्यांचे वेगवेगळे चेहरे दाखवले, तेव्हा दात विचकलेल्या, चवताळलेल्या कुत्र्याला बरीच मुलं 'खूश आहे, हसतोय' म्हणाली. माणसाच्या चेहऱ्यावर दात दिसले की हसू, हे मुलाला घरात शिकायला मिळतं. त्यावर आपले सिनेमे शिक्कामोर्तब करतात. बोलणारा कुत्रा हसतो तेव्हा चित्रकार त्याला दात काढून देतो. खरे कुत्रे वापरून केलेल्या सिनेमांत तर आणखी गंमत नव्हे, धोका आहे. तिथं कुत्रा खरा असतो, फक्त तोंडाची हालचाल संगणकावर बसवलेली असते. आवाज बंद करून असा एखादा प्रसंग बघा. संवाद चाललाय मस्करीचा, आणि कुत्र्याचे कान मागे गेलेले, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, जीभ नाकावर फिरतेय. तो कॅमेऱ्यामागच्या प्रशिक्षकाकडे बघतोय, खाऊ मिळेल म्हणून उभा आहे आणि अस्वस्थ आहे. शरीर एक सांगतं आणि तोंड दुसरं. मूल तोंडावर विश्वास ठेवतं. दोन तास त्याला कुत्र्याचं शरीर न वाचण्याची सवय लावली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार, रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावा घेतलेल्या लोकांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. कुत्रा चावला की जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, आणि लगेच लस घ्यायला जायचं. हे नागपुरातल्या प्रत्येक मुलाला पाठ हवं, कारण इथं गल्लीगल्लीत कुत्री आहेत आणि गल्लीगल्लीत मुलं. या कुत्र्यांवरून आपलं शहर कोर्टापर्यंत भांडलेलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये नागपूर खंडपीठानं मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल तर आधी त्यांना रीतसर दत्तक घ्या, घरी न्या, असा आदेश दिला होता, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या दत्तकाच्या अटीला स्थगिती दिली. तेव्हापासून प्रत्येक सोसायटीत दोन तट आहेत. एक म्हणतो, 'उचलून न्या', दुसरा म्हणतो, 'त्यांनीही जगायचं आहे'. या भांडणात मूल कुठंच नसतं. त्याला ना कुणी सांगत की कुत्र्याला भ्यायचं कधी, ना कुणी सांगत की त्याच्याशी वागायचं कसं. ते काम आपण न बोलता सिनेमावर सोडून दिलं आहे. आणि सिनेमातला कुत्रा तर त्याच्या गल्लीतला कुत्रा नसतोच.

तो कुठला असतो? जातिवंत. डॉग शोवरच्या सिनेमात तो तसा असणारच, पण इतरही बहुतेक सिनेमांत नायक रॉटवायलर, लॅब्रॉडोर, चिहुआहुआ, डाल्मेशियन असे असतात. गल्लीतले कुत्रे गर्दीत, नाहीतर गुंडांच्या टोळीत. २०१४ मध्ये 'प्लॉस वन' या संशोधनपत्रिकेत एक अभ्यास आला होता. कुत्रे असलेले ८७ सिनेमे आणि अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या नोंदणीचे आकडे समोर ठेवून संशोधकांनी दाखवलं की एखाद्या सिनेमामुळे त्या जातीची मागणी वाढू शकते आणि तो परिणाम दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो. आपल्याकडे त्यासाठी सिनेमाही लागला नाही. २००३ च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला, आणि पग घरोघरी आले. पगचं नाक आत दबलेलं. कुत्र्याला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतो, आणि या चपट्या नाकातून धड धापही टाकता येत नाही. नागपूरचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या वर. धरमपेठेत, मनीषनगरात संध्याकाळी सातलाही तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर फिरवायला आणलेला पग बघा, घशातून घरघर येत असते, मागचे पाय पसरून तो मध्येच बसतो. आणि हस्की! बर्फात गाड्या ओढणारा, दुहेरी केसांचा प्राणी विदर्भात दिवसरात्र एसीत ठेवायचा, आणि लाइट गेली की बर्फाच्या लाद्या शोधायच्या. मुलाच्या हट्टापायी तो आणला, ही वाक्यं मी ऐकली आहेत. मुलाला हट्ट करायला कुणी शिकवलं, हा प्रश्न टीकाकारानं विचारायचा नाही तर कुणी विचारायचा?

गल्लीतल्या कुत्र्याला पडद्यावर बोलतं केल्याचं एक मोठं उदाहरण आपल्याकडे आहे. २००८ चा 'रोडसाइड रोमिओ', यशराज आणि डिस्ने यांनी मिळून केलेला ॲनिमेशनपट, त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मुंबईच्या रस्त्यावरचे कुत्रे, हिंदी बोलणारे, आपल्यासारखे. कल्पना किती चांगली होती! पण नायक कोण? श्रीमंत बंगल्यातला लाडावलेला कुत्रा, मालक त्याला टाकून गेले म्हणून रस्त्यावर आलेला. रस्त्याची गोष्ट सांगायलाही वरूनच कुणीतरी यावं लागलं. डॉन दाक्षिणात्य ढंगात बोलणारा, नायिका क्लबात नाचणारी. मोठ्यांच्या मसालापटातले सगळे ठोकळे उचलून कुत्र्यांना बसवले. टाकून दिलेल्या प्राण्याचं दुःख हाताशी होतं, आणि ते नाचगाण्यात वाया गेलं याचं मला वाईट वाटतं. पाळीव कुत्रा रस्त्यावर सोडला की त्याचं काय होतं, हे नागपुरात फुटाळा तलावाच्या काठावर पट्ट्यासकट भटकणारा एखादा लॅब्रॉडोर बघितला की कळतं. त्याला कचऱ्यातलं शोधता येत नाही, गल्लीची हद्द कळत नाही, इतर कुत्री त्याला फाडायला धावतात. मुलांना हे सांगता आलं असतं. मुलं ते पेलू शकतात.

बोलीचं हे प्रकरण परदेशी सिनेमांच्या हिंदी डबिंगमध्ये तर सर्रास चालतं. शहाणा कुत्रा स्वच्छ हिंदी बोलतो, बावळट कुत्रा बिहारी, हरियाणवी, नाहीतर मराठी वळणाची. वऱ्हाडी माणसाला हे चांगलं ठाऊक आहे. आपली बोली मराठी विनोदात वर्षानुवर्षं हशा मिळवण्यापुरतीच बोलावली गेली. आपलं मूल घरात जसं बोलतं तसं बोलणारा कुत्रा प्रत्येक वेळी मूर्ख निघाला, तर ते मूल शाळेत आजीसारखं बोलायला लाजणार, यात नवल काय?

सगळीच टीका मला पटते असं मात्र नाही. 'पॉ पेट्रोल' ही मालिका २०१३ पासून चालू आहे आणि २०२१, २०२३ मध्ये तिचे सिनेमे आले. ती मुळात एका खेळणी कंपनीची निर्मिती, त्यामुळे सिनेमात दर थोड्या वेळानं कुत्र्यांना नवी गाडी मिळते आणि तीच गाडी दुकानात. हा आक्षेप खरा आहे, इतवारीतल्या कुठल्याही दप्तरांच्या दुकानात तो टांगलेला दिसेल, त्यावर जास्त बोलायला नको. पण कॅनडातल्या एका अपराधशास्त्राच्या अभ्यासकानं २०२० मध्ये असा मुद्दा मांडला की या मालिकेत महापौर आणि शासन नालायक दाखवतात, सगळं काम खासगी पथक करतं, त्यामुळे मुलांचा सार्वजनिक व्यवस्थेवरचा विश्वास उडतो. हे मला ताणलेलं वाटतं. पंचतंत्रातले राजेही मूर्ख असतात. लहान मुलांच्या गोष्टीत मोठे लोक निकामीच असावे लागतात, नाहीतर छोट्यांना काम काय उरणार? टीकाकारानं मुलाच्या जागी बसून बघायला हवं. तिथून जे दिसतं त्यावर कठोर व्हावं, आणि जे फक्त प्राध्यापकाच्या खुर्चीतून दिसतं ते सोडून द्यावं. 'शो डॉग्स'मधला तो प्रसंग मुलाच्या खुर्चीतून दिसतो. तो पाहून मूल हसतं आणि लक्षात ठेवतं.

आपल्याकडे बोलणाऱ्या कुत्र्याची फार जुनी गोष्ट आहे, आणि ती या सगळ्या सिनेमांहून धीट आहे. महाभारताच्या आदिपर्वात, राजा जनमेजयाचा यज्ञ चालू असतो. सरमा नावाच्या कुत्रीचं पिल्लू तिथं येतं आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई आधी त्यालाच विचारते, तू काही केलं असशील. ते सांगतं, मी हविर्द्रव्याकडे बघितलंही नाही, चाटलंही नाही. मग सरमा उठते, थेट यज्ञमंडपात जाते आणि विचारते, माझ्या पोरानं काही केलं नाही, मग मारलं का? कुणाकडेही उत्तर नसतं. ती शाप देते की निरपराधाला मारलंत, तुमच्यावर न दिसणारं भय येईल. आणि राजा हादरतो, पुरोहित शोधायला निघतो. पिल्लानं घरी येऊन सांगितलं, आईनं आधी खात्री केली, मग त्याचं ऐकलं, मग सत्तेला जाब विचारला. 'गुड टच, बॅड टच'च्या ताई आईबापांना नेमकं हेच करायला सांगतात. या कथेत प्राण्याला वाचा मिळाली ती प्रश्न विचारायला. मॅक्सला मिळाली ती गप्प बसायला.

प्राण्याची मर्जी सांभाळणं विदर्भाला परकं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपाहळदीनं मळतात आणि त्याला म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." बैल उत्तर देत नाही, तरी त्याला 'घ्या', 'या' म्हटलं जातं. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्यात नागपूरची मुलं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात. बैलाला बोलायला न लावता त्याचा मान ठेवायची ही पद्धत मुलांच्या हातात दिलेली आहे. मग त्याच घरात सिनेमाची निवड करताना आपण इतके बेफिकीर का?

एक कारण असं की मुलांचा सिनेमा नीट बघण्याची जबाबदारी कुणाचीच उरलेली नाही. १९५५ मध्ये उभी राहिलेली बालचित्रपट संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. २०२३ च्या कायदादुरुस्तीनं 'यूए' प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे टप्पे केले, हे चांगलं झालं. पण सेन्सॉर मंडळ मोजतं ते हिंसा, शिवी, नग्नता, धूम्रपान. गप्प राहून हात सहन करणारा कुत्रा या यादीत कुठंच सापडणार नाही, अमेरिकेतही सापडला नाही. चित्रीकरणात प्राणी वापरायचा तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते, 'कुठल्याही प्राण्याला इजा झालेली नाही' अशी पाटी येते. त्या कुत्र्याच्या तोंडी काय घातलंय ते मात्र कुणी बघत नाही. ते बघायचं काम समीक्षकाचं. आणि आपल्या वर्तमानपत्रांत मुलांच्या सिनेमाला मिळतात चार ओळी आणि 'सुट्टीत बच्चेकंपनीला घेऊन जा'. मोठ्यांच्या सिनेमातल्या कॅमेऱ्याच्या कोनावर परिच्छेद लिहिणारे समीक्षक इथं एकदम सैल होतात.

'मुलांना कुठं एवढं कळतं, घाण तुमच्या डोक्यात आहे', हा शेवटचा आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप. मुलांना कळत नाही हेच तर भयाचं कारण आहे. कळलं असतं तर ती घरी येऊन विचारती झाली असती. न कळता ती फक्त क्रम शिकतात. नकोसा स्पर्श, गप्प राहणं, शाबासकी. पुढं कधीतरी कुणी तोच क्रम त्यांच्यासमोर मांडला तर तो ओळखीचा वाटेल. आणि मी बंदी मागत नाही. 'शो डॉग्स'वर बंदी आली नव्हती, तो टीकेनं बदलला. बंदीनं तो कुठल्यातरी मोबाईलवर जसाच्या तसा फिरत राहिला असता. उन्हाळी शिबिरं घेणारे, वाचनालयात शनिवारी सिनेमा लावणारे, यांनी तो आदल्या दिवशी स्वतः पूर्ण बघावा. मध्येच थांबवून मुलांना विचारावं, 'हा कुत्रा आता काय सांगतोय? तोंडानं नाही, कानांनी, शेपटीनं?' मुलांना हा खेळ आवडतो आणि ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. माझ्या शेजारचा तो मुलगा आता मला सांगतो की कोपऱ्यावरचा काळ्या आज चिडलेला आहे, तिकडून जाऊ नका.

राहिला मॅक्स. त्याचे दोन प्रसंग कापून टाकले, पण त्याजागी काही आलं नाही. मला ते प्रसंग कापायला नको होते, पुन्हा लिहायला हवे होते. परीक्षकाचा हात पुढं येतो, मॅक्स म्हणतो, "नको." परीक्षक हात मागे घेतो, गुण कापतो, मॅक्स स्पर्धेतून बाद होतो. बाद होऊन बाहेर पडतो आणि मागच्या दारानं जाऊन पांडाचं पिल्लू शोधून काढतो. पोलीस कुत्रा आहे तो, त्याला ट्रॉफी जिंकायची नव्हतीच.